काळ्या डबीला शेक

आमच्या घरात कुठलीही वस्तू बिघडली की मला त्या वस्तूची काळजी वाटत नाही, आमच्या ह्यांची वाटते. यशवंतरावांची सगळी नोकरी रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये इंजिनं उघडण्यात आणि पुन्हा जोडण्यात गेली. जे उघडता येतं ते यंत्र, जे उघडता येत नाही ती फसवणूक, अशी त्यांनी जगाची सरळ वाटणी करून ठेवली आहे. मी फटकळ आहे हे रायपूरच्या अख्ख्या पुरानी बस्तीला माहीत आहे, तेव्हा सांगूनच टाकते. रिटायर झाल्यावर ह्या माणसाने घरातला मिक्सर, गिझर आणि माझी शिलाई मशीन असं सगळं उघडून पाहिलं, आणि त्यातली फक्त शिलाई मशीन पुन्हा चालू झाली.

तरी मला त्यांचं वाईट वाटायचं. पूर्वी गल्लीत कोणाची स्कूटर बंद पडली की आधी आमच्या दाराची कडी वाजायची. हे जेवत असले तरी हात धुऊन उठायचे. आता कोणी येत नाही. लोक फोन करतात, कंपनीचा माणूस येतो, जुना भाग काढतो, नवा लावतो आणि जातो. आमचे हे ओट्यावर बसून ते बघत राहतात. माणूस रिकामा बसला की त्याची माया उतू जायला लागते आणि ती कुठेतरी सांडतेच. आमच्या घरी ती राधिकाच्या मोटरसायकलवर सांडली.

राधिका आमची एकुलती एक. छत्तीसगड राज्य झालं आणि रायपूर राजधानी झालं त्याच वर्षी ती जन्मली, त्यामुळे राजधानीचं वय विचारलं की आम्ही पोरीचं सांगतो. तिने केमिस्ट्री घेऊन बीएस्सी केलं आणि सिलतऱ्याच्या एका स्टील कारखान्याच्या लॅबमध्ये लागली. भट्टीतून आलेले लोखंडाचे नमुने तपासायचं काम. कारखान्याची बस आमच्या बाजूला येत नाही आणि ऑटो बदलत जायचं तर सकाळच्या पाळीला पोचणं शक्य नाही. म्हणून मोटरसायकल. स्कूटी घे म्हणणारे पुष्कळ निघाले. ती म्हणाली, त्या रस्त्यावर ट्रकांनी पाडलेले खड्डे एकदा बघून या आणि मग स्कूटीचं नाव काढा. मी तिच्या बाजूने उभी राहिले. मलाही एके काळी गाडी शिकायची होती, आणि पुढच्या उन्हाळ्यात शिकवतो म्हणत ह्यांनी माझं सगळं तारुण्य काढलं.

गाडी घरी आली. महामायेच्या देवळापुढे नारळ फोडून झाला, हँडलला हार घालून झाला, आणि घरी आल्यावर ह्यांनी पहिलं काम काय केलं तर सीट काढून आत डोकावले. कार्बोरेटर कुठे आहे म्हणून विचारायला लागले. राधिकाने सांगितलं, आता नसतो. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी केव्हा टाकायची, हे सगळं एक लहानसा कॉम्प्युटर ठरवतो. ती बघा, ती काळी डबी. ह्यांनी डबी बोटाने वाजवून पाहिली. ना स्क्रू, ना झाकण, चारी बाजूंनी बंद.

"जे उघडता येत नाही त्याच्यावर भरवसा कसा ठेवाचा?" ते म्हणाले. "उद्या बिघडली तं मी काय करू?"

खरा त्रास त्या दुसऱ्या वाक्यात होता. पण राधिकाने पहिल्याचं उत्तर दिलं. ती आमच्याशी बोलताना अर्धी हिंदीतच बोलते, तिच्या सगळ्या मैत्रिणी तशाच. ती म्हणाली, "बाबा, अब सब गाड़ियों में यही आता है." ह्यांनी सीट लावून टाकली आणि हात पुसले.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. मे महिन्यात ओट्याच्या फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाही, तसल्या उन्हात ती गाडी कारखान्याच्या आवारात दिवसभर उभी असायची. सिलतऱ्याची काळी धूळ तर विचारू नका, राधिकाचा पांढरा दुपट्टा मी तीनदा नीळ घालूनही राखाडीच राहिला. पावसात रस्त्यावर पाणी साचलं, त्यातूनही ती आली. गाडी एकदाही अडली नाही. हे रोज संध्याकाळी विचारायचे, आज बंद पडली काय? ती म्हणायची, नाही. मग ह्यांचा चेहरा थोडा उतरायचा आणि ते लहानूभाऊंकडे बघायचे.

लहानूभाऊ आमचे शेजारी आणि ह्यांचे शेडमधले जोडीदार. दोघांनी बरोबर नोकरी केली, आता दोघं बरोबर रिकामे असतात. संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून दोघं त्या डबीवर शंका घ्यायचे. आता चालून राहिली, पण पाहू थंडीत काय करते, असं त्यांचं चालायचं. नव्या सुनेच्या चुका शोधाव्यात तसे ते डबीच्या मागे लागले होते, आणि सून काही चुकत नव्हती.

मग थंडी पडली. रायपूरची थंडी ती काय, पण ह्या दोघांना मफलर बांधायला निमित्त लागतं. ह्यांनी जाहीर केलं की थंडीत यंत्राला तयार करावं लागतं, पोरीला घाईत ते जमायचं नाही, तेव्हा रोज सकाळी गाडी बाहेर काढून तयार ठेवायचं काम आपलं. मला बरंच वाटलं. सकाळी उठायला त्यांना काहीतरी कारण मिळालं. मी त्या वेळी मागच्या स्वयंपाकघरात राधिकाचा डबा भरत असते. पुढून गाडी ओट्याखाली उतरल्याचा आवाज यायचा, लहानूभाऊंचं खोकणं ऐकू यायचं, मग "धर नीट" आणि "हं, आता उचल" असं काहीतरी. मी समजत होते, दोघं मिळून गाडी पुसतात.

आणि त्याच आठवड्यात गाडी बंद पडायला लागली.

पहिल्या दिवशी राधिका तयार होऊन बाहेर आली, बसली, बटण दाबलं. घुर्र घुर्र झालं, पण इंजिन काही पेटलं नाही. मीटरवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागून राहिला. तिने पुन्हा बटण दाबायच्या आत ह्यांनी चाबी काढून खिशात टाकली. असं बटण मारत राहिलं तर बॅटरी उतरते, तिला आराम दे म्हणाले. मग सीट काढली, डबीला उलटा हात लावून पाहिला आणि निदान केलं.

"गार पडली. थंडी लागली याले."

मला वाटलं, गंमत करून राहिले. पण नाही, आत आले आणि माझ्याकडून तव्यावर मीठ गरम करून घेतलं. ते फडक्यात बांधलं आणि डबीला शेक दिला, लहानपणी राधिकाचा कान दुखला की द्यायचे तसाच. राधिका घड्याळाकडे बघत उभी. शेक संपला, ह्यांनी चाबी लावली, बटण दाबलं आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली. लहानूभाऊ म्हणाले, हव, रोग सापडला. ह्यांची मान अशी ताठ झाली होती की शेड सोडल्यापासून मी ती तशी पाहिली नव्हती. त्या दिवशी त्यांनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

मग ते नेहमीचंच झालं. गाडी बंद, चाबी ह्यांच्या खिशात, तव्यावर मीठ, डबीला शेक, गाडी चालू. लहानूभाऊ मुलीकडे दुर्गला गेले होते, तेवढे दिवस गाडी शहाण्यासारखी वागली आणि ह्यांनी त्याचं श्रेय उन्हाला दिलं. ते परत आले आणि गाडी पुन्हा अडली. कारखान्यातून निघताना संध्याकाळी ती कधी अडायची नाही. मी ह्यांना विचारलं, असं काहून? ते म्हणाले, दिवसभर भट्टीजवळ राहते, तिथे ऊब असते. ह्या माणसाकडे कशाचंही उत्तर असतं, एवढं मात्र मान्य करायला हवं.

पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, सगळ्यांना मत होतं. कोणी म्हणालं लिंबू-मिरची बांधा. सदर बाजारातल्या एका कापडवाल्याने सांगितलं की त्याच्या मेहुण्याने डबी काढून फेकली आणि जुना कार्बोरेटर बसवून घेतला, तेव्हापासून सुखी आहे. ह्यांना ते फार पटलं. राधिकाने मेहुण्याचा पत्ता विचारू देखील दिला नाही. ती ह्यांना घेऊन सर्व्हिस सेंटरला गेली.

तिथल्या विकी नावाच्या मेकॅनिकने डबीला वायर लावून कॉम्प्युटरवर सगळं तपासलं. एकही बिघाड दिसला नाही. मग त्याने एकच प्रश्न विचारला, "दीदी, गाड़ी कहीं गिरी थी क्या?" राधिका तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, आमची मुलगी गाडी पाडत नाही. विकीने मान हलवली आणि दुसऱ्या गाडीकडे वळला. घरी येऊन ह्यांनी मला समजावून सांगितलं की कॉम्प्युटरने कॉम्प्युटरला तपासलं तर तो काय सांगणार, सगळं ठीक आहे असंच सांगणार ना. आपल्या शेडमध्ये एक कामचोर दुसऱ्याची हजेरी लावायचा, तसंच आहे हे.

आतापर्यंत मी हसत होते. पण एका संध्याकाळी राधिका आली ती हेल्मेट न काढताच खुर्चीवर बसली. लॅबच्या अपर्णा मॅडमनी तिला बोलावून सांगितलं होतं की काम चांगलं आहे, हात स्वच्छ आहे, पण सकाळचा पहिला नमुना रोज दुसऱ्या कोणाला तरी तपासावा लागतो. नोकरी पक्की करायची की नाही ते ह्याच महिन्यात ठरणार होतं. सोमवारी बाहेरचे लोक कारखाना तपासायला येणार होते. त्या दिवशी ती वेळेवर हजर नसेल, तर मॅडम तिच्यासाठी शब्द टाकणार नव्हत्या.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी आधीच विचार करून ठेवला होता. म्हणाले, सोमवारी गाडी अडली तर गाडी विकून टाकू. सदर बाजारातल्या त्यांच्या ओळखीच्या सराफाकडे बिलं करायला मुलगी पाहिजे आहे. पायी जाता येतं, पायी येता येतं, डबीबिबीची कटकट नाही. आणि खरं सांगू का, ते हे रागाने बोलत नव्हते. पोरगी रोज त्या ट्रकांच्या रस्त्यावर जाते, तिच्या गाडीत काय चाललंय ते आपल्याला कळत नाही, ही गोष्ट त्यांना आतून खात होती.

राधिका हेल्मेट काढून आत गेली. मीच बोलले. त्या रात्री मी ह्यांना एवढं ऐकवलं की लहानूभाऊंच्या घरचा टीव्ही बंद झाला. पोरीने काय सोन्याच्या अंगठ्यांची बिलं करायला ॲसिडने हात भाजून घेतले काय, असं मी विचारलं. सोमवारी ऑटोवाल्याला सांगून ठेवते म्हटलं तर त्यांना अपमान वाटला. म्हणाले, मी आहे ना. सोमवारी गाडी सुरू करून देणं माझ्याकडे लागलं. लहानूलाही लवकर बोलावतो, दोनदा तयार करू, आणि शेक आधीच देऊन ठेवू.

सोमवारी मी पहाटेच तवा ठेवला. मीठ तडतडायला लागलं तसं फडक्यात बांधलं. रोज हे आत येऊन पुरचुंडी घेऊन जायचे, पण त्या दिवशी शेक आधी द्यायचा होता, म्हणून मीच ती घेऊन पुढच्या दाराशी गेले. आणि तिथेच थांबले.

ओट्याखाली स्कूटरचा जुना टायर टाकलेला होता. त्यावर गोणपाट होतं. आणि गोणपाटावर राधिकाची मोटरसायकल चक्क आडवी होती. हँडल ह्यांच्या हातात, मागचा दांडा लहानूभाऊंच्या हातात, दोघांचेही मफलर सुटलेले, आणि मीटरचे दिवे लागलेले.

मी विचारलं, हे काय करून राहिले तुम्ही?

"पेट्रोल उतरवून राहिलो," हे दम खात म्हणाले.

ज्यांनी जुन्या काळची स्कूटर पाहिली आहे त्यांना सांगायला नको. रात्रभर उभी राहिलेली स्कूटर सकाळी चालू व्हायची नाही. मग माणसं तिला एका बाजूला आडवी करायची, पेट्रोल कार्बोरेटरमध्ये उतरायचं, सरळ करून किक मारली की सुरू. ऑफिसच्या वेळेला आमच्या गल्लीत ओळीने स्कूटरी लवायच्या. आमचे हे तर त्यात उस्ताद. आता कार्बोरेटर नाही हे त्यांना माहीत होतं, पण पेट्रोल तर आहे ना, आणि पेट्रोल काय, शेवटी पाण्यासारखंच, उताराकडे जाणार. वर राधिकानेच सांगितलं होतं की ह्या गाडीत पेट्रोल विजेच्या पंपाने चढतं. म्हणून चाबी चालू ठेवून आडवी करायची आणि पोरगी येईपर्यंत चाबी तशीच ठेवायची, ही ह्यांनी आपल्या डोक्याने घातलेली भर होती. स्कूटरीपेक्षा जड असल्यामुळे लहानूभाऊंची मदत लागायची, एवढाच फरक.

माझ्या मागून राधिका आली. एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात डबा. तिने पाहिलं. मला वाटलं, आता ही ओरडणार. ती ओरडली नाही. तिने हळूच विचारलं, रोज असंच करता काय, बाबा?

"रोज," हे अभिमानाने म्हणाले. "आज दोनदा केलं."

राधिका ओट्यावर खाली बसली. मग तिने सांगायला सुरुवात केली आणि ती कधी नव्हे ते सगळं मराठीत सांगत होती, एकेक शब्द शोधून, कारण तिला ते ह्यांना नीट कळायला हवं होतं. विकीने विचारलं होतं ना, गाडी पडली होती का. त्याचं कारण हे. गाडी किती कलली आहे हे त्या डबीला कळतं. चालू गाडी आडवी झाली की तिला वाटतं अपघात झाला. मग ती पेट्रोल तोडते, म्हणजे चाक फिरत राहून चालवणाऱ्याला लागू नये, आग लागू नये. गाडी उभी केली तरी ती पेट्रोल देत नाही. कोणीतरी चाबी बंद करून पुन्हा चालू केली, म्हणजे माणूस शुद्धीवर आहे, ठीक आहे, असं समजलं की मगच देते. हे चाबी काढून खिशात टाकायचे, त्यानेच ती ठीक व्हायची. मिठाचा त्यात काही संबंध नव्हता.

"बाबा," ती म्हणाली, "त्या डबीले रोज सकाळी वाटते का मी पडली. म्हणून ते बंद करते."

दोघांनी गाडी सरळ केली. राधिकाने चाबी बंद केली, पुन्हा फिरवली, बटण दाबलं. गाडी लगेच सुरू झाली. गरम मिठाची पुरचुंडी माझ्या हातातच होती.

मला बोलायला शब्द कमी पडत नाहीत. त्या क्षणी तर माझ्याकडे एवढे शब्द तयार होते की दुपारपर्यंत पुरले असते. नोकरी जाता जाता राहिली होती पोरीची, सराफाच्या दुकानात बसणार होती ती, आणि दोष त्या बिचाऱ्या डबीवर. पण मी ह्यांच्याकडे पाहिलं आणि सगळे शब्द गिळले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ते गाडीकडे बघत होते.

"म्हणजे ते पोरीले वाचवून राहिलं होतं," ते म्हणाले. "आन् मी त्याले शिव्या देऊन राहिलो होतो."

लहानूभाऊंनी वातावरण हलकं करायला म्हटलं की शेडमध्ये असं केलं असतं तर दोघांना चार्जशीट मिळाली असती. कोणी हसलं नाही, तसे ते मफलर गुंडाळत घरी गेले. राधिकाला थांबायला वेळ नव्हता. तिने डबा पिशवीत टाकला, मला हात केला आणि निघाली. ह्यांना हात करायला तिने मागे पाहिलं, पण हे तोवर आत गेले होते.

तो दिवस मोठा लांबला. हे ओट्यावर बसले नाहीत. पेपर उघडला आणि एकाच पानावर ठेवला. मी जेवायला वाढलं तर म्हणाले, पोरगी पोचली असन ना वेळेवर? मी म्हटलं, पोचली असेल. थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण मला ते फार आवडले त्या दिवशी, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. एवढी वर्षं संसार केला, पण हा माणूस कोणाची काळजी करताना एवढा वेडा होतो हे मी असं समोर पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी राधिका पेढे घेऊन आली. सगळ्यांच्या आधी पोचली होती. पहिला नमुना तिने तपासला, बाहेरच्या लोकांनी तिच्यासमोर उभं राहून पाहिला, आणि जाताना अपर्णा मॅडमनी सांगितलं की तिचं नाव त्यांनी पुढे पाठवलं आहे, पक्कं समज. मी तिच्या गालावरून हात फिरवला. ह्यांनी पेढा घेतला, चांगलं झालं म्हणाले, आणि लवकर झोपायला गेले. गाडीबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. रोजचा तो प्रश्न, आज बंद पडली काय, तोही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले नाहीत. जागे होते, मला श्वासावरून कळतं, पण ब्लँकेट डोक्यावरून घेऊन पडून राहिले. लहानूभाऊ दाराशी येऊन घुटमळले आणि परत गेले. मी स्वयंपाकघरात डबा भरत होते. पुढे इतकी शांतता होती की मला भाजीत मीठ घातलं की नाही ते आठवेना.

राधिकाने स्वतःच गाडी बाहेर काढली. एकाच बटणात सुरू झाल्याचा आवाज आला. मी म्हटलं, गेली आता. पण आवाज बंद झाला आणि ती हेल्मेट हातात घेऊन आत आली. ह्यांच्या खाटेजवळ उभी राहिली.

"बाबा, या न बाहेर."

"तिले माही गरज नाही," ब्लँकेटमधून आवाज आला. "बटण दाबलं का चालू होते."

"गाडीले नसन," राधिका म्हणाली. "मी तं रोज तुमचं तोंड पाहूनच जाते. आज तसंच जाऊ काय?"

ह्यांनी ब्लँकेट बाजूला केलं. मग उठले, मफलर शोधला, मिळाला नाही, तसेच बाहेर गेले. मी मागे मागे. गाडीपाशी जाऊन ते हात मागे बांधून उभे राहिले. चेन पाहिली, टायर पाहिले, पण कशालाच हात लावला नाही. मग त्यांनी विचारलं, "खरोखर कधी पडली तू, तं बंद करन ना हे?"

"करन."

"लगेच?"

"लगेच, बाबा."

त्यांनी मान हलवली. मग हात सोडला आणि सीटवर ठेवला, बरोबर त्या डबीच्या वर. शेडमध्ये पाळी संपली की पुढच्या पाळीच्या माणसाला ज्या आवाजात इंजिन सोपवायचे, त्या आवाजात ते म्हणाले, "लक्ष ठेवजो."

राधिकाने हेल्मेटची काच खाली केली. गाडी सुरू झाली आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन वळली. हे तिथेच उभे होते. मी पदराने डोळे पुसले आणि चहा ठेवायला आत गेले.